सरकटे सरांचं तोंड

इंग्रजी बोलताना तोंड नेमकं किती उघडायचं असतं, हे प्रेमानंद सरकटे सरांना पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, आणि कळलं त्या दिवसापासून त्यांच्या मागे जे शुक्लकाष्ठ लागलं ते काही सुटलं नाही. माणसानं काही गोष्टी वेळेवर शिकाव्यात, नाहीतर मुळीच शिकू नयेत. पण हे वरच्या लोकांना कोण सांगणार?

अमडापूरजवळच्या एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथं सरकटे सर पहिलीचा सेमी इंग्रजीचा वर्ग चालवत. पोरं खड्या आवाजात ‘ए फॉर ॲपल’ म्हणत, सर त्याहून खड्या आवाजात म्हणवून घेत, आणि वाडीत कुणालाही त्यात काही कमी वाटत नव्हतं. एखादा इंग्रज येऊन ऐकेल ही भीती तर रस्त्याची अवस्था पाहता नव्हतीच. अशात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलं. सेमीच्या शिक्षकांनी शुद्ध उच्चारांचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं, शेवटी स्वतःचा व्हिडिओ पाठवायचा, आणि जो नापास होईल त्याचा वर्ग काढून घेणार. वर्ग गेला की शिक्षक अतिरिक्त. आणि अतिरिक्त शिक्षकाला कुठं पाठवतात, तर जिथं कुणी जायला मागत नाही तिथं. म्हणजे पार संग्रामपूरच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेलो तर गेलो, हवा तरी चांगली आहे. सरांना तसं म्हणायची सोय नव्हती, कारण घरात बाबा होते.

बाबा म्हणजे पंजाबराव सरकटे, एसटीचे रिटायर कंडक्टर. चिखली-खामगाव रस्त्यावर त्यांचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा भारी समजला जाई. त्यांनी “उंद्रीवालेऽऽ” अशी हाक दिली की चिखलीला उतरणारासुद्धा दचकून पिशवी उचलायचा. अशा माणसाला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला, आणि वाचा गेली. उरले ते नुसते स्वर. आ, ऊ, ए. ओढून म्हटलेला ‘आ’ म्हणजे पाणी, तुटका ‘आ’ म्हणजे पंखा, ‘ऊ’ म्हणजे लघवीला लागली, पण तोच ‘ऊ’ नाकातून आला तर कूस बदलून द्या. सरांना सगळं कळायचं. त्यांच्या बायकोला, धम्मशीलाला, निम्मं कळायचं, आणि उरलेल्या निम्म्यात चूक झाली की बाबा लहान पोरासारखे रडायचे. सर संग्रामपूरला गेले तर बाबांचं बोलणं ऐकणारं घरात कुणी उरणार नव्हतं. त्यांना सोबत न्यावं, तर त्या पायथ्याला दवाखाना कुठं आहे हे तिथल्या लोकांनाही विचारून पाहावं लागायचं. तेव्हा एकच मार्ग होता. इंग्रजी स्वर पाठ करायचे.

शिकवायला पुण्याच्या संजीवनी मॅडम होत्या. मोबाइलच्या पडद्यावर त्या इतक्या सुंदर तोंड उघडायच्या की आतलं सगळं शिक्षण दिसायचं.

“सरकटे सर, तुमचा ‘कॅट’ आणि ‘कट’ एकच येतोय. जबडा सोडा.”

“सोडला, मॅडम.”

“अजून सोडा. लाजू नका.”

आता हे सांगणं सोपं आहे. ज्या माणसानं नोकरीभर केंद्रप्रमुखासमोर तोंड उघडलेलं नाही, त्यानं एकदम पुण्याच्या बाईसमोर जबडा सोडायचा म्हणजे काय! शिवाय आर्टिकल. सरांनी जन्मभर ‘ए बॉय’ असा ठणकावून शिकवला होता. मॅडम म्हणाल्या, तो ‘ए’ नाही, ‘अ’ आहे, आणि तोही असा हलका म्हणायचा की म्हटला की नाही असं समोरच्याला वाटलं पाहिजे. सर म्हणाले, मग म्हणायचाच कशाला? मॅडम हसल्या आणि ‘द’कडं वळल्या. ‘द’ म्हणताना जीभ दातांच्या मधे आणायची. जीभ बाहेर दिसली पाहिजे. आपल्याकडं एवढ्या वयाच्या माणसानं बाईमाणसाला जीभ दाखवली तर दुसऱ्या दिवशी त्याची पंचायत बसते, पण इंग्रजांचं सगळंच निराळं.

मॅडमनी आरशासमोर सराव सांगितला. घरातला उजेड बेताचा, म्हणून सरांनी दाढीचा आरसा अंगणात न्हाणीजवळच्या खिळ्याला लावला. आत बाबांचा डोळा लागला होता, म्हणून आवाज न करता सुरुवात केली. जबडा सोडला, ओठ डावीकडं ताणले, उजवीकडं ताणले, डोळे आपोआप मोठे झाले, आणि जीभ दातांत आली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या अंबूबाई वांगी तोडून आल्या आणि त्यांनी भिंतीवरून पाहिलं.

“अवो बाप्पा! धम्मशीला! धाव वं! मास्तरचं तोंड पाय कसं झालं! मास्तरलेबी लकवा मारला वं!”

त्या किंकाळीनं सर दचकले आणि दातांत असलेली जीभ कचकन चावली गेली. तोंडातून रक्त आलं. ते पाहून अंबूबाईंनी दुसरी किंकाळी फोडली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. सर सांगायला गेले की अहो मी सराव करून राहिलोय, पण जीभ बघता बघता टम्म सुजली आणि शब्द असे काही लडबडत बाहेर आले की अंबूबाईंनी डोळ्याला पदरच लावला.

“बापाचं पाह्यलं, आता लेकाचं पाहा. काय नशीब वं पोरी तुहं!”

आमच्याकडं आजाऱ्याला पाहायला जाण्याची रीत फार कडक आहे. लग्नाला नाही गेलं तर चालतं, पण पाहायला नाही गेलं तर लोक पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवतात. केळी किंवा बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं, खाटेजवळ बसायचं आणि आपल्या नात्यात याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायचं. आजाऱ्यानंही रीत पाळायची असते. त्यानं पडून राहायचं. उठून बसणाऱ्या आजाऱ्याचा लोकांना राग येतो, आपली केळी फुकट गेल्यासारखी वाटतात. सर पहिल्या दिवशी दारात उभे राहून “मले काई झालं नाई” असं सुजल्या जिभेनं सांगत होते. लोक एकमेकांकडं बघून म्हणाले, “डोक्यावरबी परिणाम झालेला दिसते.” मग सर निमूट आडवे झाले.

कुणी फुगा आणून फुगवायला लावला. कुणी शिट्टी वाजवायला सांगितली. कुणी भिंतीकडं तोंड करून निजा म्हणालं, कुणी भिंतीकडं अजिबात करू नका म्हणालं. कडूबा नावाचा एक दूरचा शेतकरी पिशवीत जिवंत पारवा घेऊनच आला.

“याचं गरम रगत चोळा गालाले. आमच्या साडभावाचं तोंड असं सरळ झालं का बे, फोटो काढासारखं!”

“आमच्या घरात जीव मारत नाहीत, भाऊ,” धम्मशीला म्हणाली.

“मारू नका ना मंग. नुसतं रगत काढा.”

धम्मशीलानं पारवा अंगणात नेऊन सोडून दिला. तो अंबूबाईंच्या टिनांवर जाऊन बसला. कडूबाचा चेहरा असा पडला की धम्मशीलाला त्याच्यापुरता साखर जास्त घालून चहा करावा लागला. चहाचं तर विचारू नका. भांडं शेगडीवरून उतरतच नव्हतं. “लकवा तुम्हाले नाई, मले मारीन आता,” असं ती स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, आणि आलेल्या बायकांनी माना हलवल्या की बिचारीवर आघात झाला आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पलीकडच्या खाटेवर बाबा होते. ते एका कुशीवर पडून लेकाकडं पाहत आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राही. सर त्यांच्या कानाशी जाऊन सांगत, “बाबा, जीभ चावली फक्त, काई झालं नाई मले.” पण ते शब्दही त्याच लडबडत्या जिभेतून निघत. बाबांनी स्वतःची जीभ अशी झालेली पाहिली होती, त्यामुळं त्यांचा विश्वास बसेना. त्या दिवसांत ते फारसे जेवलेच नाहीत.

जिभेची सूज उतरली तेव्हा सर शाळेत निघाले, तर केंद्रप्रमुख कारभारी सरांचा फोन आला.

“सरकटे, असं कसं एकदम येऊन राह्यले? पोरं भितील ना. फिटनेस आणा आधी.”

सर दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं नीट तपासलं आणि विचारलं, “काय झालं होतं?”

“काहीच झालं नव्हतं.”

“मग फिट कशापासून करू? आधी आजारी असल्याचा कागद आणा, म्हणजे बरे झाल्याचा देतो.”

“पण मी आजारी नव्हतोच.”

“मग शाळेत जा की!”

शाळेत जायला फिटनेस लागत होता. फिटनेसला आजार लागत होता. आजार सगळ्या गावाच्या मते होता, फक्त सरांकडं नव्हता. या चकरा चालू असतानाच प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आला, आणि सरांनी त्याच अंगणात उभं राहून व्हिडिओ पाठवला. निकाल आला: “प्रयत्न प्रामाणिक आहे. तोंड पुरेसे उघडत नाही.” म्हणजे सर नापास.

संध्याकाळी कारभारी सर स्वतः आले. हातात केळी होती, रीत कुणाला चुकत नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा घेतला, दार लोटलं आणि हळूच म्हणाले,

“सरकटे, तुमी गणितात कच्चे हा काय? लकवा झालेल्या शिक्षकाले विशेष संवर्ग राह्यते. त्याची बदली करत नाहीत. अख्ख्या गावानं तुमाले लकवा देल्ला, अन् तुमी काऊन परत करून राह्यले?”

“पण सर, ते खोटं…”

“साक्षीदार गावभर हायेत. डाक्टरायच्या बोर्डासमोर जाच्या दिवशी तोंड तेवढं वाकडं ठेवा. नाईतरी उच्चारासाठी वाकडं करतच होते.”

“मग माह्या जागी कोण जाईन?”

“जाईन कोणी. अर्पिता मॅडम सगळ्यात मागून आलेल्या हायेत. तुमाले काय करायचं?”

अर्पिता मॅडम दुसरीच्या वर्गावर होत्या. त्यांचं बाळ अजून अंगावर पीत होतं. सरांनी पुढं काही विचारलं नाही. माणूस बऱ्याचदा जे विचारत नाही त्याचं उत्तर त्याला ठाऊक असतं, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

झालं. बोर्डाची तारीख मिळाली आणि अंगणातला आरसा आता घरात, बाबांच्या खाटेशेजारी लागला. तोंड सरळ उघडायला जेवढी मेहनत लागली होती तेवढीच वाकडं ठेवायला लागू लागली. इथं तर व्हिडिओ पाठवायला मॅडमही नव्हत्या. नमुना म्हणून घरात एकच तोंड होतं. सर बाबांकडं पाहायचे, मग आरशात पाहायचे, ओठ खाली ओढायचे, पुन्हा बाबांकडं पाहायचे.

धम्मशीला दारात येऊन उभी राहिली. “लाज वाटू द्या थोडी. बापाच्या दुखण्याची नक्कल करून राह्यले तुमी.”

सर आरशासमोरून हटले. ते खाटेच्या कडेला बसले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. बदली, संग्रामपूर, नापास झालेला व्हिडिओ, विशेष संवर्ग, अर्पिता मॅडमसुद्धा. “माफ करा बाबा,” ते म्हणाले, “तुमाले सोडून जायची हिंमत नाई माही.”

बाबांनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग एक आवाज काढला. तो पाण्याचा नव्हता, पंख्याचा नव्हता, कुशीचाही नव्हता. एवढे दिवस त्या घशातून निघालेला प्रत्येक स्वर ओळखणाऱ्या सरांना तो कळला नाही. बाबांनी डावा हात उचलला. तो हात सरांच्या गालावर आला, अंगठा ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर टेकला आणि त्यांनी तो कोपरा खाली ओढला. मान मागं घेऊन पाहिलं. पसंत पडलं नाही. आणखी थोडा ओढला, गाल सैल केला, हनुवटी किंचित डावीकडं वळवली. भर गर्दीत तिकीट टोचताना जेवढं लक्ष देत तेवढ्याच लक्षानं त्या म्हाताऱ्यानं आपल्या लेकाचं तोंड वाकडं करून दिलं. मग हात तसाच धरून ठेवला, आणि तो अवघडला तरी काढला नाही. धम्मशीला पदर तोंडात कोंबून बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सर अमडापूरपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत तोंड तसंच धरून गेले. कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहून सुट्टे पैसे मागितले नाहीत, हा त्या आजाराचा पहिला फायदा. बोर्डासमोर डॉक्टरांनी दात दाखवायला लावले, गाल फुगवायला लावले आणि विचारलं, “घरात आणखी कुणाला?”

“वलिलांना,” सर वाकड्या तोंडानं म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. कागद मिळाला. बदली टळली, आणि वर ग्रुपवर खुलासा आला की पक्षाघातग्रस्त शिक्षकांना शुद्ध उच्चारांतून कायमची सूट आहे. शिक्षकांनी अंगठे दाखवले, फुलं टाकली. अर्पिता मॅडमचं नाव यादीत आलं. त्यांनी बाळाला कडेवर घेऊन शाळेचा निरोप घेतला आणि जाताना सरांच्या घरी पाहायला येऊन गेल्या. केळी आणली होती. सर पडून राहिले, रीतीप्रमाणे.

तोंड वाकडं करणं सोपं असतं, ते ठेवणं अवघड असतं. पण गाव डोळ्यांत तेल घालून बघत होतं, तेव्हा बाहेर पडलं की कोपरा खाली. दुकानात, शाळेत, पाणपोईवर. शाळेत सरांना हजेरीच्या कामाला बसवलं, पोरं त्यांच्याजवळ यायला बिचकत. घरात दार लावलं की तेवढं सरळ. बाबा मात्र त्या दिवसांत चांगले जेवत होते. लेक घरात शिरला की तुटका ‘आ’ म्हणायचे, आणि पंखा चालू असला तरी म्हणायचे. सर खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि मनाशी म्हणायचे, चला, कशासाठी तरी झालं.

उन्हाळा सरायच्या आत बाबांना दुसरा झटका आला. दुपारी जेवले, डोळे मिटले आणि उठलेच नाहीत. सर शेजारीच होते. काही आवाजही झाला नाही, ओळखायला.

माती द्यायला सगळं गाव लोटलं. कारभारी सर होते, अंबूबाई होत्या, एसटीतले म्हातारे ड्रायव्हर होते. अर्पिता मॅडम बाळाला घेऊन सातपुड्याच्या पायथ्याहून गाड्या बदलत आल्या होत्या. बाळाला उन्हानं घामोळं उठलं होतं. त्रिसरण सुरू झालं. सर गर्दीच्या पुढं उभे होते आणि सगळ्यांचं लक्ष बाबांकडं होतं तितकंच त्यांच्याकडं होतं. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्दांच्या जागी रडू आलं. रडू आलं की तोंड आपोआप सरळ होत होतं.

“नका सर,” अर्पिता मॅडम पुढं येऊन म्हणाल्या, “तुमच्या तब्येतीला ताण नको. तुम्हाला काही झालं तर घरच्यांनी कुणाकडं पाहायचं?”

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं, कडेवरच्या बाळाकडं पाहिलं. मग त्यांनी आपला हात गालावर नेला, ओठाचा उजवा कोपरा अंगठ्यानं खाली ओढून घट्ट धरला, आणि तशा तोंडानं ते बापासाठी रडले.